चांदीवर छापलेली आश्वासनं

चांदी किलोला दोन लाखांच्या वर गेली तेव्हापासून मंगळवार पेठेतल्या सराफांकडे मोड घेऊन येणारी माणसं वाढली आहेत. पैंजण, जोडवी, तुटकी अत्तरदाणी, देवाचं ताम्हन. आणि बऱ्याचदा त्यातच रुमालाच्या गाठीत चार-दोन नाणी. सराफ नाणी बाजूला काढतो, एखादं कसावर घासून बघतो आणि सांगतो, "ह्यात निम्मीच चांदी हाय बघा मावशी. निम्म्याचा भाव लावतो, चालंल का?" मावशी मान हलवतात. नाणं मुशीत जातं.

मित्रहो, आजची पोस्ट या निम्म्या चांदीच्या नाण्यांबद्दल आहे. जरा लांबली आहे, पण सोलापूरकरांनी वाचावी असं वाटतं, कारण त्या नाण्यांवर जे छापलंय त्याचा आपल्या जिल्ह्याशी फार जवळचा संबंध आहे.

आधी एक घोळ मिटवू. जुनं चांदीचं नाणं म्हटलं की आपल्याकडे राणीछाप रुपयाच आठवतो. तो रुपया वेगळा. १८३५ ते १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. आपला जुना तोळा म्हणजे याच रुपयाचं वजन. दुसरं महायुद्ध पेटलं, १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि लोकांनी नोटा मोडून रुपये घरात दडवायला सुरुवात केली. तेव्हा इंग्रज सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि जुने रुपये एकेक करून बाद केले. व्हिक्टोरिया राणीचा रुपया ३१ मार्च १९४१ नंतर, सातव्या एडवर्डचा ३१ मे १९४२ नंतर, आणि पाचव्या-सहाव्या जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये ३१ मे १९४३ नंतर कायदेशीर चलन राहिले नाहीत. निम्म्या चांदीचे नवे रुपयेसुद्धा टिकले नाहीत. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली २२ कोटी ६० लाख औंस चांदी परत करायची होती, त्यासाठी ते गोळा करून कलकत्त्याजवळ अलीपूरच्या टांकसाळीत वितळवले आणि त्यातली चांदी वेगळी काढली. १९५७ पर्यंत ते कर्ज फिटलं. नाणी वितळवण्यात सरकारचा हात कुणी धरू शकत नाही हे यावरून समजून घ्या.

मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ती स्वतंत्र भारताची स्मारक नाणी. पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंचं, पण ते निकेलचं होतं. चांदीचं पहिलं आलं १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीला. दहा रुपयांचं, १५ ग्रॅम वजनाचं, ८० टक्के चांदीचं. त्यावर तेवढं '१८६९-१९४८' असं आहे, पाडल्याचं वर्ष नाही. त्यामुळे अजूनही कुणीतरी मला "१९४८ चं नाणं आहे, किती मिळतील?" असा फोन करतं.

पुढच्याच वर्षी दुसरी माळ सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं १९६८ पासून देशोदेशी अन्नविषयक नाणी काढायचा कार्यक्रम हाती घेतला होता. भारत त्यात उतरला तो १९७० मध्ये. 'सर्वांसाठी अन्न' असं वचन आणि पाण्यातलं कमळ. (तेव्हा कमळ कुठल्याच पक्षाचं नव्हतं बरं का, जनसंघाची निशाणी दिवा होती.) तिथून पुढची दहा-बारा वर्षं जवळपास दरवर्षी एक घोषणा चांदीवर उमटत गेली. १९७३ ला 'अधिक अन्न पिकवा'. १९७४ ला 'नियोजित कुटुंब, सर्वांसाठी अन्न'. १९७५ ला महिला वर्षाचं 'समता, विकास, शांती'. १९७६ ला 'सर्वांसाठी अन्न आणि काम'. १९७७ ला 'विकासासाठी बचत', १९७८ ला 'अन्न आणि निवारा', १९७९ ला बालक वर्ष, १९८० ला ग्रामीण स्त्रियांची उन्नती, १९८१ ला जागतिक अन्न दिन. नाण्यांवर हे सगळं हिंदी-इंग्रजीत आहे, मराठी मी केलंय.

या नाण्यांची दुसरी बाजू काट्यावर कळते. गांधीजींच्या दहा रुपयांत १२ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे छापील एका रुपयामागं १.२ ग्रॅम. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं आलं. ते साडेबावीस ग्रॅमचं, हातात घेतलं की आधीच्यापेक्षा भारी वाटतं, पण चांदी ५० टक्के. म्हणजे आत सव्वाअकरा ग्रॅम. नाणं जड झालं आणि चांदी कमी झाली. १९७३ चं वीस रुपयांचं ३० ग्रॅमचं, त्यात १५ ग्रॅम चांदी. रुपयामागं पाऊण ग्रॅम. १९७४ मध्ये दहा रुपयांच्या नाण्यातून चांदी पार गेली, तांबं-निकेल आलं, आणि चांदीचं नाणं पन्नास रुपयांचं झालं. वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास, चांदी निम्मी. रुपयामागं जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. १९८० मध्ये तेवढ्याच वजनाच्या नाण्यावर १०० रुपये छापले. अकरा वर्षांत रुपयामागची चांदी १.२ ग्रॅमवरून ०.१७५ वर आली. महागाईचा याहून सरळ तक्ता मी कुठल्या अर्थसंकल्पात पाहिलेला नाही. आणि हे छापलं कुणी, तर सरकारनंच.

आता सोलापूरकडे येतो.

रौप्यमहोत्सवाचं नाणं १५ ऑगस्ट १९७२ चं. त्यावर झेंडा घेतलेली माणसं आणि मागे संसद भवन. त्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात काय होतं हे घरातल्या सत्तरीच्या पुढच्या कुणालाही विचारा. पावसानं ओढ दिली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि ज्यांच्याकडे दहा-पंधरा एकर होती ती माणसंही दुष्काळी कामावर नाव घालायला निघाली होती. खडी फोडायची, बंडिंगची माती टाकायची, पाझर तलाव खोदायचे. मुकादम हजेरीपट घेऊन बसायचा. पोरांना सुकडी, आणि रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो. आजही आमच्याकडे नको असलेल्या भाकरीला म्हातारी माणसं 'मिलोची भाकरी' म्हणतात. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. सोलापूर हा सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांतला एक.

त्याच १९७३ मध्ये 'अधिक अन्न पिकवा' हे वीस रुपयांचं चांदीचं नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलं जात होतं. नाण्याच्या सालाखाली लहानसा ठिपका किंवा हिऱ्याचा आकार दिसला तर ते मुंबईचं समजावं. माझी आजी माढ्याकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर होती. तिला मी हे नाणं दाखवलं तेव्हा तिनं उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठं हाय ह्याच्यावर?" मला तेव्हा हसू आलं होतं. पण प्रश्न बरोबर होता. ज्वारीच्या मुलखात अन्न कमी पडलं ते लोकांना पिकवता येत नव्हतं म्हणून नव्हे, पाणी नव्हतं म्हणून. उजनी पूर्ण व्हायला १९८० साल उजाडलं, आणि ते पाणी उसाला किती आणि ज्वारीला किती गेलं, हा पुन्हा स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.

१९७४ चं पन्नास रुपयांचं नाणं माझ्या संग्रहात आहे, पण ते मी कुणाला दाखवताना दरवेळी थोडा थांबतो. 'नियोजित कुटुंब, सर्वांसाठी अन्न'. कुटुंब छोटं ठेवा म्हणजे सगळ्यांना खायला मिळेल, असा हिशोब. कागदावर त्यात वाईट काही नाही. कुटुंबनियोजनाचं काम महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये सुरू केलं होतं, कुठल्या सरकारनं सांगायच्या कितीतरी आधी. पण नाण्यावरचा हिशोब सरकारी उद्दिष्टात उतरला की काय होतं हे बार्शीनं पाहिलं.

आणीबाणी लागून सहा-सात महिने झाले होते. १९७६ च्या जानेवारीत बार्शीत नसबंदीची मोहीम काढली. दहा दिवसांत एक हजार शस्त्रक्रिया, असं उद्दिष्ट. सुरुवातीला कुणी फिरकेना. मग रस्त्यांवरून माणसं उचलायला सुरुवात झाली. कामाधंद्यासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेले लोक धरून गाडीत घातले आणि जबरदस्तीनं शस्त्रक्रिया केल्या. आणीबाणीतल्या सक्तीवर ज्यांनी संशोधन केलंय त्यांच्या लेखनात हा प्रसंग 'बार्शी' या नावानं येतो. दिल्लीचं तुर्कमान गेट आणि हरियाणातलं उत्तावर गाव यांच्याबद्दल आपण वाचलेलं असतं. पण ती घटना एप्रिलची, उत्तावरची नोव्हेंबरची. बार्शी त्या दोन्हींच्या आधीची, आणि ती आपल्या जिल्ह्यात फारशी कुणी बोलत नाही. ज्यांच्यावर गुदरलं त्यांना बोलायची लाज वाटली, आणि ज्यांनी केलं त्यांना विसरायची सोय हवी होती.

त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. असं विधेयक मंजूर करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. पुरोगामी महाराष्ट्र म्हणताना हेही लक्षात ठेवावं.

आणि १९७६ च्याच नाण्यावर काय होतं? 'सर्वांसाठी अन्न आणि काम'.

इथं मात्र मला महाराष्ट्राची बाजू घ्यावीशी वाटते. नाण्यावरच्या सगळ्या घोषणांपैकी ही एकच अशी, जिचा खरोखर कायदा झाला, आणि तो आपल्या राज्यात झाला. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, मूळचे तासगाव भागातले. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची. दुष्काळात रोजगार हमी योजना म्हणून ती राज्यभर सुरू झाली, १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा राहिला तो शहरातल्या पगारदारांकडून घेतलेल्या व्यवसाय करातून. म्हणजे सोलापुरातल्या बँकेच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे करमाळ्याच्या बंधाऱ्यावर मजुरी म्हणून गेले. गैरव्यवहार झाले, खोटे हजेरीपट झाले, सगळं खरं. तरी पुढे २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला त्याचं मूळ इथं आहे. १९७६ चं ते नाणं कुणी मोडीत घालत असेल तर मला खरंच वाईट वाटतं.

१९७५ च्या महिला वर्षाच्या आणि १९७७ च्या बचतीच्या नाण्यांवर मी फार बोलत नाही. गिरणगावात बचतीचं नाणं दाखवून लेक्चर देणं म्हणजे जखमेवर मीठ. पण १९७९ चं बालक वर्षाचं नाणं सोडता येत नाही. आनंदी मूल म्हणजे राष्ट्राची शान, अशा अर्थाचं वचन त्यावर आहे. आपल्या शहराच्या पूर्व भागात त्या काळी घरोघर विड्या वळल्या जायच्या. आई सूप मांडीवर घेऊन बसायची आणि शाळेतून आलेली मुलगी शेजारी बसून पान कापायची, विडीचं तोंड दुमडायची. १९८६ मध्ये बालमजुरीचा कायदा आला. त्यात मुलांना बंदी असलेल्या कामांच्या यादीत विडीकाम होतं. पण मालक स्वतःच्या कुटुंबाच्या मदतीनं काम करत असेल तर तिथं बंदी लागू नाही, अशी सूटही त्याच कायद्यात होती. आणि विडी तर घरातच वळली जायची. म्हणजे सोलापूरच्या पोरींसाठी कायदा दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला.

१९८२ नंतर घोषणा हळूहळू कमी झाल्या आणि मोठ्या नाण्यांवर समारंभ, संस्था, व्यक्ती येऊ लागल्या. आशियाई खेळ, इंदिरा गांधी, रिझर्व्ह बँकेचा सुवर्णमहोत्सव. मग कितीतरी. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं आलं, ३५ ग्रॅमचं, निम्मी चांदी. ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं ३०० रुपयांचं नाणं काढलं. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्यामुळे त्याचे फोटो सोलापुरात भरपूर फिरले. व्यक्तींची नाणी काढायला माझा विरोध नाही. पण चेहऱ्याला जाब विचारता येत नाही. 'सर्वांसाठी काम' असं लिहिलं की निदान विचारता तरी येतं, दिलं का?

गंमत अशी की आपल्याकडे सगळ्यात जास्त जपलेलं स्मारक नाणं चांदीचं नाहीच. १९९० मध्ये बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा एक रुपया आला, तांबं-निकेलचा. मी कितीतरी घरांत तो फोटोच्या चौकटीत लावलेला, देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेला पाहिलाय. पंढरपुरात १९९९ चा ज्ञानेश्वरांचा रुपया तसाच जपलेला सापडतो. तो मोडीत कुणी घालत नाही, कारण घालून काही मिळतच नाही. चांदीच्या नाण्याचं दुर्दैव त्याच्या चांदीतच आहे.

आता कामाचं बोलू. राणीछाप रुपया आज चलन नाही. पण १९६९ नंतरची ही स्मारक नाणी कायद्यानं आजही चलन आहेत. २०११ च्या नाणे कायद्यात 'नाणे' या शब्दाच्या व्याख्येतच स्मारक नाणी धरली आहेत, आणि त्याच कायद्यानं नाणी वितळवायला बंदी आहे. म्हणजे मुशीत गेलेलं गांधीजींचं नाणं हा नुसता तोटा नाही, गुन्हा आहे. हे सराफांनाही माहीत असावं म्हणून लिहितोय. कुणाच्या पोटावर पाय आणायचा हेतू नाही.

भावाचं म्हणाल तर किलोला दोन लाख धरले तरी गांधीजींच्या दहा रुपयांत २,४०० रुपयांची चांदी आहे, पन्नास रुपयांच्या नाण्यात जवळपास साडेतीन हजारांची. घट कापून सराफ त्याहून कमी देणार. चांगल्या स्थितीतलं नाणं संग्राहकाकडे निदान चांदीच्या किमतीला तरी जातं. विकायचंच असेल तर दोन ठिकाणी विचारून विका. पण 'वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख' असं सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. आधी 'नोंदणी फी' मागतात, मग 'टॅक्स' मागतात, मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत तिचा कसलाही संबंध नाही आणि तिच्या नावानं कुणी फी मागत असेल तर ती फसवणूक आहे. तीच गत 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेल्या राम दरबाराच्या नाण्याची. कंपनीनं असं नाणं कधी पाडलेलं नाही.

नाणी ठेवायची असतील तर चिंचेनं, राखेनं, पितांबरीनं घासू नका. काळी पडलेली नाणीच बरी. आणि एक कागदाची चिठ्ठी सोबत ठेवा: कुणाकडून आलं, कधी, कशाबद्दल. चिठ्ठीशिवायचं नाणं बाजारात पुन्हा मिळेल, पण चिठ्ठीवरची माहिती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

माझी एक मागणी आहे, विद्यापीठाकडे किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेकडे. एक काचेचं कपाट द्या. १९६९ ते १९८१ चा चांदीचा संच त्यात मांडू, आणि प्रत्येक नाण्याखाली त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात काय चाललं होतं ते चार ओळींत लिहू. माझ्याकडची नाणी मी द्यायला तयार आहे. १९७८ चं आणि १९८० चं माझ्याकडे नाही.

बार्शी, वैराग, करमाळा, माढा भागातल्या वाचकांना खास विनंती. घरात १९७४ चं किंवा १९७६ चं नाणं असेल, किंवा १९७६ च्या त्या जानेवारीबद्दल घरातलं कुणी बोलायला तयार असेल, तर मला कळवा. नाव छापणार नाही. मी गाडी काढून येतो.